पुण्यश्लोक अहिल्यादेवी : थोरांच्या सावलीत घडलेली अबोल लेक

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे कोठेही उच्चारला की त्यामागोमाग एक नाव आपोआप ओठांवर येते. ते नाव अहिल्यादेवी होळकर यांचे. काशीपासून सोमनाथापर्यंत आणि गयेपासून वेरुळापर्यंत पडझड झालेली देवस्थाने ज्यांनी पुन्हा उभी केली, वाटसरूंसाठी विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या, त्या माउलीचे स्मरण केल्यावाचून देवळाच्या कामाची स्मरणिका पुरी होत नाही. त्यांनी बांधलेल्या देवळांच्या आणि घाटांच्या याद्या अनेकांनी दिल्या आहेत. या लेखात थोडे निराळे सांगायचे आहे. एका लहान खेड्यातली आठ वर्षांची मुलगी एवढा मोठा कारभार शिकली कोठे? तिला शिकवले कोणी? आणि ज्या वडीलधाऱ्यांनी तिला शिकवले, त्यांच्या पदरात तिने काय घातले? या प्रश्नांची उत्तरे आपल्या घराघरांत उपयोगी पडण्यासारखी आहेत, म्हणून हा प्रपंच.

चौंडीची लेक

जामखेड तालुक्यातील चौंडी हे सीना नदीच्या काठचे गाव. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर. 2024 साली त्याला याच थोर लेकीचे नाव देऊन तो अहिल्यानगर झाला. या गावच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी 31 मे 1725 रोजी अहिल्येचा जन्म झाला. घर धनगर समाजातले, शेतीभातीचे, गुराढोरांचे आणि देवभोळे. त्या काळी मुलींच्या हाती पाटी देण्याचा रिवाज नव्हता. तरीही माणकोजींनी लेकीला घरच्या घरी अक्षर ओळखायला शिकवले, असे परंपरेने सांगतात. पुढे तिने जो पत्रव्यवहार सांभाळला, दप्तर पाहिले, हिशेब तपासले, त्याचे मूळ या घरच्या शिक्षणात असले पाहिजे.

मुलगी रूपाने चारचौघींसारखीच. रंगाने सावळी, अंगाने सडपातळ, बोलणे मोजके. चारचौघांत पुढे होऊन बोलण्याचा स्वभाव नव्हता, असेच तिच्याबद्दल ऐकू येते. अशा मुलीकडे पाहुण्यारावळ्यांचे सहसा लक्ष जात नाही. पण एका पाहुण्याचे गेले. सुभेदार मल्हारराव होळकरांचा मुक्काम या बाजूला पडला असता त्यांनी देवळात आलेली ही मुलगी पाहिली, तिची निष्ठा आणि शांत वागणे त्यांच्या मनात भरले आणि त्यांनी तिला सून करून घेतली, अशी कथा आहे. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. 1733 साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी अहिल्येचे लग्न झाले, एवढे मात्र खरे. नवरी आठ वर्षांची आणि नवरदेव दहाच्या आसपास. बालविवाहाची ती चाल आज कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. त्या काळी मात्र सासरचे घर हीच मुलीची शाळा असे. ती शाळा चांगली निघाली तर मुलीचे नशीब.

मल्हारराव कोण होते?

अहिल्येचे नशीब समजून घ्यायचे तर सासऱ्यांचे बालपण आधी पाहिले पाहिजे. मल्हाररावांचा जन्म 1693 सालचा, नीरेकाठच्या होळ गावचा. गावावरूनच घराण्याचे आडनाव होळकर पडले. लहानपणीच वडील गेले. आईने मुलाला उचलले आणि खानदेशात तळोद्याला भावाच्या आश्रयाला नेले. मामा भोजराज बारगळ हे कदमबांडे सरदारांच्या पदरी होते. भाच्याने प्रथम मामाची मेंढरे वळली. मुलात पाणी आहे हे ओळखून मामाने त्याला घोड्यावर बसवले, पथकात घेतले आणि पुढे 1717 साली आपली मुलगी गौतमा हिच्याशी त्याचे लग्न लावून दिले. हाच मेंढपाळ पोर बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्याचा सुभेदार झाला.

ज्याला पोरकेपणी कोणी तरी जवळ केलेले असते, तो पुढे दुसऱ्याचे लेकरू जवळ करताना मागेपुढे पाहत नाही. मामाने भाच्याचे मोल ओळखले होते. तीच नजर मल्हाररावांनी सुनेसाठी वापरली. वडीलधाऱ्यांचे ऋण वडीलधाऱ्यांनाच परत करता येते असे नाही. बहुधा ते खालच्या पिढीला द्यावे लागते.

सासूबाईंची शाळा

होळकरांचा वाडा म्हणजे नेहमीचा राबता. सरदार, शिलेदार, कारकून, सावकार, जासूद, भिक्षुक यांची दिवसभर वर्दळ. चौंडीच्या शांत घरातून आलेल्या मुलीला ते सारे बुजवणारेच होते. तेथे तिला हाताशी धरले ते सासूबाई गौतमाबाईंनी.

गौतमाबाई नुसत्या चूल सांभाळणाऱ्या गृहिणी नव्हत्या. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. फौजेसाठी आणि राज्यकारभारासाठी जे उत्पन्न लागे ते दौलतीचे, आणि घरच्या स्त्रियांच्या हक्काचे ते खासगीचे. 1734 साली पेशव्यांकडून ही खासगी जहागीर गौतमाबाईंच्या नावे करून देण्यात आली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये होते. मल्हारराव वर्षातले बहुतेक महिने मोहिमेवर. तेव्हा खासगीच्या गावांचा वसूल, नोकरांचे पगार, देवधर्म, लग्नकार्ये, आल्यागेल्याचा मानपान हे सगळे गौतमाबाईंच्या नजरेखालून जाई. सुनेचे शिक्षण या कामातूनच झाले. धान्याची कोठारे, कापडाचे गठ्ठे, भांडीकुंडी, रोकड आणि त्याचे कागद हीच तिची पुस्तके. दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा एकमेकांत मिसळायचा नाही, हा धडा तिने येथे घेतला आणि मरेपर्यंत सोडला नाही. पुढे त्यांनी जो अफाट दानधर्म केला तो मुख्यतः याच खासगीच्या उत्पन्नातून. रयतेच्या कराचा पैसा आपल्या पुण्यासाठी वापरायचा नाही, ही त्यांची रीत होती.

वेरुळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धारात गौतमाबाई आणि अहिल्याबाई या दोघींचीही नावे घेतली जातात. सासूने धरलेले काम सुनेने उचलले, यापेक्षा त्या शाळेचा निकाल वेगळा काय सांगावा?

मामंजींचा विश्वास

मल्हारराव स्वभावाने तापट म्हणून प्रसिद्ध होते. भल्याभल्यांना त्यांच्यासमोर उभे राहायची छाती होत नसे. पण या अबोल सुनेपुढे त्यांचा आवाज खाली येई, असे सांगतात. तिने उलट उत्तर दिले नाही, आणि चुकीच्या गोष्टीला होही म्हटले नाही. कागद पुढे ठेवायचा, आकडा दाखवायचा आणि गप्प राहायचे. हळूहळू मल्हाररावांच्या लक्षात आले की ही पोर थोडे बोलते, पण जे बोलते ते पक्के असते. ते मोहिमेवर निघाले की मागच्या व्यवस्थेची कामे तिच्यावर सोपवू लागले. वसुलीची रक्कम, दाणागोटा, दारूगोळा, जनावरे वेळेवर पोचवण्याची जबाबदारी तिच्याकडे आली.

खंडेराव शूर होते, पण काहीसे लहरी. अहिल्याबाईंना दोन अपत्ये झाली. 1745 साली मालेराव आणि 1748 साली मुक्ताबाई. संसार असा मार्गी लागत असतानाच आभाळ कोसळले.

कुंभेरीचा घाव

1754 सालच्या मार्च महिन्यात मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा गेला. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अठ्ठावीस. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. वाड्यातल्या इतर काही स्त्रियांनी ती वाट धरली. अहिल्याबाईंनीही मन घट्ट केले होते.

तेव्हा साठी उलटलेले मल्हारराव, ज्यांच्या नावाने शत्रूच्या छावणीत झोप उडत असे, ते सुनेपुढे हात जोडून उभे राहिले. खंडू गेला, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, असे त्यांनी विनवले. आपण तिलाच मुलगा मानतो, दौलतीचे ओझे तिनेच उचलावे, असे त्यांचे सांगणे होते. गौतमाबाईंनीही पदर पसरला. एकीकडे रूढी आणि लोकांच्या नजरा, दुसरीकडे दोन वृद्ध जीव आणि दोन लहान लेकरे. अहिल्याबाईंनी लोकांच्या नजरांकडे पाठ फिरवली आणि जगण्याची वाट धरली.

येथे कोणी कोणाला शिकवले? सासऱ्यांनी सुनेला शिकवले की मरणापेक्षा कर्तव्य थोर असते. आणि सुनेमुळे त्या कडव्या लढवय्याला कळले की मागे उरलेल्या माणसांसाठी दुःख गिळूनही उभे राहायचे असते. कुंभेरीच्या किल्ल्याची माती यमुनेत टाकीन अशी प्रतिज्ञा त्यांनी पुत्रशोकात केली होती, असे सांगतात. ती पुरी झाली नाही, वेढा तहाने उठला. पण घर मोडले नाही, ते या मुलीमुळे.

पत्रांतून चाललेली शिकवण

यानंतरची बारा वर्षे म्हणजे अहिल्याबाईंचे खरे उमेदवारीचे दिवस. मल्हारराव उत्तरेत आणि सूनबाई मागे. दोघांमध्ये पत्रांची ये-जा चाले. त्यांतली काही पत्रे आजही उपलब्ध आहेत. 1765 सालच्या एका पत्रात सासऱ्यांनी सुनेला चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीकडे जाण्यास, तोफखाना जवळ ठेवण्यास, दारूगोळ्याची भरपूर तरतूद करण्यास आणि वाटेवर चौक्या बसवण्यास सांगितले आहे. एखादा सेनापती आपल्या हाताखालच्या सरदाराला लिहील, तसे ते लिहिणे आहे. त्यात कोठे दया नाही, लाड नाही, आणि ही बाईमाणूस आहे, हिला हे जमेल का, अशी शंकाही नाही.

बुजऱ्या माणसाला धीट करण्याचा याहून चांगला उपाय नाही. धीट हो म्हणून सांगून कोणी धीट होत नाही. जबाबदारीचे काम द्यावे, ते कसे करायचे हे नीट समजावावे आणि मग मध्ये मध्ये येऊ नये. काम तडीस गेले की भीती आपोआप ओसरते. मल्हाररावांनी नेमके हेच केले.

1761 चे वर्ष मराठी मुलखाला काळे वर्ष ठरले. जानेवारीत पानिपत झाले आणि त्याच वर्षी गौतमाबाई निवर्तल्या. खासगीचा कारभार अहिल्याबाईंकडे आला. पुढे 20 मे 1766 रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी डोळे मिटले. आलमपुरास अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधली. आठव्या वर्षी या घरात आलेली मुलगी तेहतीस वर्षे वडीलधाऱ्यांच्या सावलीत वागली. आता सावली देण्याची पाळी तिची होती.

कसोटी

मल्हाररावांच्या मागे सुभेदारीची वस्त्रे नातू मालेराव यांना मिळाली. ते वृत्तीने तापट आणि चंचल होते. आईने परोपरीने समजावले, पण त्यांच्यात पालट झाला नाही. 1767 साली अवघ्या बावीस वर्षांच्या वयात आजाराने त्यांचा अंत झाला. जी शिकवण सुनेच्या ठायी रुजली, ती पोटच्या मुलात रुजली नाही. हे दुःख पुष्कळ घरांत असते, आणि थोरामोठ्यांची घरेही त्यातून सुटलेली नाहीत.

दौलतीला वारस उरला नाही असे पाहून जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी निराळाच विचार केला. एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, बाईंनी खासगीच्या उत्पन्नावर समाधान मानून देवधर्म करीत राहावे आणि कारभार आपण पाहावा, असा त्यांचा बेत. त्यांनी राघोबादादांना हाताशी धरले. दादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले.

हीच ती चौंडीची अबोल मुलगी. तिने आरडाओरडा केला नाही. शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रे गेली, फौज सज्ज झाली. पुण्यास थोरले माधवराव पेशवे यांच्याकडे न्याय मागितला. आणि राघोबादादांना तिने असे कळवले, म्हणतात, की आपण हरलो तर स्त्री म्हणून कोणी नावे ठेवणार नाही, परंतु दादासाहेब हरले तर जगाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माधवरावांनी अहिल्याबाईंचा पक्ष उचलून धरला. दादांनी आपण मालेरावांच्या दुखवट्याला आलो असल्याचे सांगून तलवार म्यान केली. एक थेंब रक्त न सांडता दौलत राखली गेली.

फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकर यांच्याकडे दिली. तुकोजी त्यांच्याहून थोडे वडील होते, तरी ते त्यांना मातुश्री मानीत. सत्ता अशी दोघांत वाटली गेली आणि पुढची अठ्ठावीस वर्षे हा व्यवहार, लहानमोठ्या कुरबुरी सोडल्या तर, चालला.

महेश्वरचा दिवस

अहिल्याबाईंनी नर्मदेकाठचे महेश्वर हे आपले ठिकाण केले. माळव्यात पुढे आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने त्यांना पाहिलेल्या लोकांना विचारून त्यांची दिनचर्या लिहून ठेवली आहे. सूर्योदयाच्या तासभर आधी उठणे, स्नानपूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि मग साधे जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार सुरू होई तो सायंकाळी सहापर्यंत चाले. संध्याकाळची पूजाअर्चा आणि थोडा फराळ आटोपला की रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. दरबारात त्या उघड बसत आणि गाऱ्हाणे घेऊन आलेल्या कोणालाही भेटत. लहानपणी चारचौघांत बोलायला लाजणारी मुलगी आता चारचौघांचे बोलणे शांतपणे ऐकून घेत होती. थोडे बोलणाऱ्या माणसाला ऐकण्याची सवय असते. न्यायदानात तीच सवय कामी आली.

त्या काळी निपुत्रिक सावकार वारला की त्याच्या संपत्तीवर सरकारचा डोळा असे. अहिल्याबाईंनी अशा विधवांना दत्तक घेण्यास मोकळीक दिली आणि त्यांचे धन त्यांच्याकडेच राहू दिले. कोणी विधवा आपण होऊन संपत्ती सरकारात भरायला आली, तर त्या ती घेत नसत. लोकांना उपयोगी पडेल असा घाट किंवा देऊळ बांध, असे सुचवीत. एकट्या पडलेल्या बाईला घर सावरण्यासाठी आधाराची किती गरज असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

काशीविश्वेश्वराचे देऊळ 1780 साली त्यांनी उभे केले. सोमनाथास 1783 साली मूळ भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधले. गयेचे विष्णुपद मंदिर, परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार, महेश्वरचे घाट ही कामे आजही उभी आहेत. गंगेच्या पाण्याच्या कावडी दूरदूरच्या देवस्थानांना पोचवण्याची त्यांची व्यवस्था होती. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. शेतात नांगराला जुंपलेल्या बैलांना पाणी पाजण्यासाठी माणसे पाठवली जात, आणि पाखरांना दाणा मिळावा म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन राखून ठेवली जात, असे माल्कमने नोंदवले आहे. पाटलाच्या वाड्यात गुरावासरांत वाढलेल्या मुलीला बैलाची तहान आठवणारच.

न रुजलेला धडा

आता एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. ती टाळली तर हे चरित्र गोड होईल, पण खरे होणार नाही.

मुक्ताबाईंचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीच्या जिवाचा विसावा. तो ऐन तारुण्यात आजाराने गेला. त्या पाठोपाठ 1791 साली यशवंतराव वारले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जसे सुनेपुढे हात जोडले होते, तसे आता सहासष्ट वर्षांच्या आईने लेकीपुढे जोडले. राज्यकर्त्या म्हणून हुकूम करता आला असता, पण त्यांनी आई म्हणून विनवले. लेकीने ऐकले नाही. आईचे वय झाले आहे, मुलगा गेला, नवरा गेला, आईच्या मागे आपण कोणासाठी जगायचे, असे तिचे म्हणणे होते. माल्कमने या प्रसंगाचे जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. अहिल्याबाई चितेजवळ उभ्या राहिल्या, दोघांनी त्यांना धरून ठेवावे लागले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही आणि कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. मग उठल्या, लेकीजावयाची छत्री बांधायला घेतली आणि पुन्हा दरबारात बसल्या.

सासूसासऱ्यांची विनवणी फळाला आली आणि आईची गेली वाया. असे का झाले, याचा विचार केला तर एक गोष्ट दिसते. अहिल्याबाईंना थांबवताना मल्हाररावांनी त्यांच्या हाती दौलतीचे काम दिले, आणि पदराशी दोन लेकरे होती. मुक्ताबाईंच्या हाती यातले काहीच उरले नव्हते. माणसाला जगायला कारण लागते. पुढे 1829 साली इंग्रजी मुलखात सतीच्या चालीवर कायद्याने बंदी आली आणि तिला उत्तेजन देणे हा आज गंभीर गुन्हा आहे. पण कायदा फक्त मरण थोपवतो. मागे राहिलेल्या बाईला घरात मान, हाताला काम आणि बोलायला माणूस देणे हे घराचे आणि गावाचे काम आहे. आपल्या गावातल्या विधवा आणि एकट्या आयाबहिणींकडे पाहताना हे ध्यानात राहावे.

13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेवला. वय सत्तर. लोकांनी त्यांच्या नावामागे पुण्यश्लोक हा शब्द जोडला, तो अजून निघालेला नाही. इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

आपण काय घ्यायचे?

एका विद्वानाने अहिल्याबाईंची स्तुती करणारा ग्रंथ रचून आणला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडायला लावला. ही हकिकतही माल्कमनेच दिली आहे. लहानपणचा संकोच असा शेवटपर्यंत टिकला, फक्त त्याचे नाव बदलून विनय झाले.

देवळाच्या कामाला ज्यांनी ज्यांनी हात लावला, कोणी रक्कम दिली, कोणी दगडवाळू दिली, कोणी बैलगाडी जुंपली, कोणी नुसते श्रमदान केले, त्यांची नावे गावाने लिहून ठेवणे हे गावाचे कर्तव्य आहे. ज्याचे नाव पाटीवर यायचे राहिले असेल, त्याने मात्र मनात वाईट वाटून घेऊ नये. नर्मदेत सोडलेल्या त्या ग्रंथाची आठवण ठेवावी.

आणि एक विनंती वडीलधाऱ्यांना. आपल्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा फार बोलत नसेल, पाहुणे आले की दाराआड जात असेल, तर त्याला मुका, बावळट, घरकोंबडा म्हणू नका. त्याला एखादे खरे काम द्या. दुधाचा हिशेब त्याच्याकडून लिहवून घ्या, आजोबांचे पत्र वाचून दाखवायला सांगा, देवळातल्या भजनाच्या वेळी समया लावण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. सुनेला दागिन्यांच्या पेटीबरोबर हिशेबाची वहीही द्या. मुलांनाही सांगणे आहे की थोरांजवळ बसा. गौतमाबाईंजवळ बसलेल्या एका लाजऱ्या मुलीने पुढे अर्ध्या हिंदुस्थानातली देवळे सावरली.

जीर्णोद्धार फक्त दगडाचुन्याचा नसतो. मागच्या पिढीने राखलेले पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट देणे म्हणजे जीर्णोद्धार. नव्या सभामंडपात आजीआजोबांच्या मांडीला मांडी लावून नातवंडे बसू लागली की हे काम पुरे झाले असे समजावे.